वाचक विचारतात : बोट कलते ती ठीक, पण उलटते कधी?

मे महिन्यात कोकण फिरून आलेल्या लोकांचे मेल जूनमध्ये येतात, दरवर्षीचं आहे हे. यावेळी निम्मे मेल बोटीवरचे निघाले, कुणी घाबरलंय, कुणी बोटवाल्याशी भांडून आलंय, आणि दोन-तीन जण खरोखरच विचार करून प्रश्न घेऊन आलेत. मी अर्धं आयुष्य बोटी बांधायच्या यार्डात काढलंय म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, निवडक घेतोय.

प्रश्न : मालवणला डॉल्फिन बघायला गेलो होतो. डॉल्फिन दिसले रे दिसले की बोटवाला ओरडतो, "बसा बसा, कुणी उठू नका." पैसे आम्ही भरलेत, दोन मिनिटं उभं राहून फोटो काढला तर काय बिघडतं? माझं वजन ७२ किलो, बोट सहज दोन टनांची असेल. (एक वाचक, ठाणे)

तुमच्या एकट्याच्या ७२ किलोने काहीच बिघडत नाही. पण डॉल्फिन एका बाजूला दिसतो हो! तुम्ही उठलात की सगळे उठतात आणि सगळे त्याच बाजूला जातात.

तुमचीच बोट धरून हिशोब करू. आकडे मी अंदाजाने घेतोय पण लहान बोटीला शोभतील असे आहेत. बोट दोन टन, आत २० माणसं, सरासरी ६० किलो, म्हणजे माणसांचंच वजन १.२ टन झालं. एकूण ३.२ टन, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त वजन हे हलणारं, फोटो काढणारं वजन आहे. ही सगळी माणसं बसल्या बसल्या फक्त ७० सेंटिमीटर एका बाजूला सरकली तरी बोट साधारण २४ अंश कलते. बोट दोन मीटर रुंद असेल तर २४ अंशाला तिचा काठ ४० सेंटिमीटरच्या वर खाली जातो, आणि अशा बोटींचा काठ पाण्याच्या वर असतोच किती, तर साधारण तेवढाच. म्हणजे पाणी काठाला लागलं. आता हीच माणसं उभी राहून सरकली तर? उभं राहिल्यावर प्रत्येकाचं वजन ३०-४० सेंटिमीटर वर जातं, त्यामुळे बोटीची परत सरळ व्हायची ताकदच कमी होते आणि तोच हिशोब ३० अंशापर्यंत जातो. एवढ्या मोठ्या कोनाला हे गणित तंतोतंत बसत नाही हे खरं, पण तोपर्यंत पाणी आत आलेलं असतं, त्यामुळे गणिताची वाट बघत कोण बसतंय.

केरळात थेक्कडीच्या तलावात ३० सप्टेंबर २००९ ला दोन मजली पर्यटक बोट उलटली, ४५ माणसं गेली. पलीकडच्या काठावर जनावरं दिसली आणि वरच्या मजल्यावरची माणसं एका बाजूला धावली असं तेव्हा वाचलेल्यांनी सांगितलं. वादळ नाही, लाट नाही, तलावाचं पाणी.

तेव्हा बोटवाला ओरडला की बसा. त्याचा आवाज उर्मट असेल, मुद्दा बरोबर आहे.

प्रश्न : यावरूनच आठवलं. आमच्या घरात 'रामदास' बोटीचा विषय अजून निघतो, आषाढ आला की निघतोच. तीही अशीच गेली का? (एक वाचक, अलिबाग)

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं गेली, कोकणातल्या कितीतरी गावांत आजही ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी त्यात होतं अशी घरं सापडतात. एका बाजूने पावसाळी समुद्राची मोठी लाट आली, बोट कलली, पाणी आत आलं, घाबरलेली माणसं एका बाजूकडून दुसरीकडे धावली आणि बोट गेली, असं वाचलेल्यांच्या सांगण्यात येतं. लाट हे सुरुवातीचं कारण झालं. पण कललेली बोट लाट गेल्यावर परत सरळ होऊ पाहते, त्याच क्षणी शेकडो माणसांचं वजन डेकवरून एकदम सरकलं तर तिला ती संधीच मिळत नाही. माणसांना दोष देण्यात अर्थ नाही, आपणही धावलोच असतो.

प्रश्न : सर, मी डिप्लोमाला आहे. शाळेत शिकवलं की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली असेल तर वस्तू स्टेबल. पण बोटीचं सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी बहुतेक वेळा पाणी जिथून तिला वर ढकलतं त्या पॉइंटच्या वरच असतं असं पुस्तकात दिसतंय. मग ती तिथल्या तिथे उलटायला पाहिजे ना? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

शाब्बास. हा प्रश्न भल्याभल्यांना पडत नाही.

दोन पॉइंट डोळ्यासमोर आण. एक बोटीच्या सगळ्या वजनाचा, तो खाली ओढतो. दुसरा पाण्यात बुडालेल्या भागाच्या मधोमध, तिथून पाणी वर ढकलतं. बोट सरळ असताना दोघं एकाच उभ्या रेषेत, काही भांडण नाही. आता बोट उजवीकडे कलली. वजनाचा पॉइंट बोटीच्या आत आहे तिथेच राहतो (माल सरकला नाही तर), पण पाण्याचा पॉइंट राहत नाही, कारण उजवीकडचा भाग जास्त बुडाला, डावीकडचा वर आला, म्हणजे बुडालेल्या भागाचा आकारच बदलला आणि त्याचा मध्य उजवीकडे सरकला. आता वजन मधून खाली ओढतंय आणि पाणी उजवीकडून वर ढकलतंय, दोघं मिळून बोटीला डावीकडे, म्हणजे परत सरळ फिरवतात. बोट उभी राहते ती या सरकणाऱ्या आधारावर. टेबल असं करू शकत नाही, म्हणून टेबलाचा नियम बोटीला जसाच्या तसा लावला की गोंधळ होतो.

मग उलटते कधी? वजनाचा पॉइंट फार वर गेला तर. कलल्यावर वजनाची रेषा आधाराच्याही बाहेर पडते आणि तीच जोडी आता बोटीला आणखी कलवते. या दोन्हीच्या मधली हद्द कुठे आहे ते पिएर बूगेर नावाच्या फ्रेंच माणसाने १७४६ साली छापलेल्या ग्रंथात मांडलं आणि त्या जागेला मेटासेंटर असं नाव दिलं. तुला पाळणा माहितीये ना, मेटासेंटर म्हणजे न दिसणारा आढ्याचा हूक समज, बोट त्याला टांगलेली. वजन हुकाच्या खाली आहे तोवर झुलून परत जागेवर येणार, वजन हुकाच्या वर गेलं की संपलं. हुकापासून वजनापर्यंत जे अंतर आहे त्याला सगळे जीएम म्हणतात, आणि बोटीच्या जगात भांडणं, कोर्टकचेऱ्या, सर्टिफिकेटं सगळी या एका आकड्यावरून होतात.

तो मोजतात कसा ते पण सांगतो, कारण यार्डातला माझा सगळ्यात आवडता दिवस तोच असायचा. शांत पाण्यात बोट सैल बांधायची, आत गवंडी वापरतात तसा लांब ओळंबा टांगायचा, आणि माहितीतलं वजन डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवायचं. समज २० टनांची बोट, २०० किलो वजन ३ मीटर सरकवलं, आणि २ मीटर लांबीचा ओळंबा १० सेंटिमीटर हलला. तर जीएम निघतो ०.६ मीटर. कोट्यवधींची बोट आणि मोजायला दोरा आणि लोखंडाचा गोळा, मला अजून याची गंमत वाटते.

प्रश्न : आमची फायबरची मासेमारी बोट आहे, ४ मीटर रुंद. गेल्या पावसाळी मासेमारी बंदीत केबिन उंच करून घेतली, वर पत्र्याचं छप्पर, छपरावर पाण्याची टाकी आणि जाळं ठेवायला जागा. पैसा गेला पण बोट आता एकदम आरामात डोलते, पहिल्यासारखे झटके देत नाही, पोरांना उलटी पण कमी होते. वडील मात्र म्हणतात "बोट आळशी झाली, मला आवडत नाही". कोण बरोबर? (एक नाखवा, हर्णै)

वडील. आणि हा मेल मी सगळ्यात आधी उत्तरासाठी घेतला होता, छापायला उशीर होतो म्हणून तुम्हाला वेगळं कळवलंय, तरी बाकीच्यांसाठी लिहितो, कारण बंदीत १ जून ते ३१ जुलै बोटी वर ओढलेल्या असतात आणि हीच वाढवावाढवीची कामं तेव्हाच निघतात.

झटके देणारी बोट त्रासदायक असते पण ती जोरात परत सरळ होतेय म्हणून झटके देते. सावकाश, गोडीत डोलणारी बोट म्हणजे जिची परत यायची ताकद कमी झालीये. (पाळण्याची उपमा इथे मोडते बरं का, आखूड दोरीचा पाळणा भराभर झुलतो, बोटीचं उलटं, जीएम जितका लहान तितकी ती रेंगाळते. उपमेचं एवढंच.) यासाठी एक ढोबळ सूत्र आहे : एका पूर्ण डोलण्याला, म्हणजे या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत यायला लागणारे सेकंद म्हणजे ०.८ गुणिले बोटीची रुंदी, भागिले जीएमचं वर्गमूळ, सगळं मीटरमध्ये. तुमच्या ४ मीटर रुंदीला ४ सेकंद लागत असतील तर जीएम ०.६४ आहे, मस्त. तेच ८ सेकंद व्हायला लागले तर जीएम ०.१६ वर आलाय. म्हणजे वेळ दुप्पट वाटतो, "थोडी सावकाश झालीये" एवढंच जाणवतं, पण आतली ताकद पाव राहिलेली असते! मोठ्या मासेमारी बोटींसाठी आंतरराष्ट्रीय निकषात कमीत कमी ०.३५ मीटर जीएम धरलाय, तुमच्या रुंदीला ते साधारण साडेपाच सेकंद येतं. तुमची बोट त्या निकषात कदाचित मोडणार नाही पण तुलनेला आकडा चांगला आहे.

करायचं काय, तर धक्क्यात वारा नसताना दोर सैल करा, तीन-चार जणांनी एका काठावर ताल धरून बोट हलवा, मग मधे येऊन शांत उभे राहा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर चार-पाच पूर्ण डोलणी मोजून भागाकार करा. पाण्याची टाकी रिकामी असताना एकदा आणि भरून एकदा. हा आकडा केबिनच्या भिंतीवर लिहून ठेवा. उद्या समुद्रात बोट त्याहून सावकाश डोलायला लागली तर समजायचं की कुठेतरी वजन वर चढलंय नाहीतर खाली पाणी शिरलंय.

आता तुमच्या छपराचं. फायबरची बोट लाकडीपेक्षा हलकी, त्यामुळे वर टाकलेलं तेवढंच वजन तिला जास्त लागतं, जुन्या लाकडी बोटीवर चाललं होतं म्हणून हिच्यावर चालेल असं नाही. टाकी खाली आणा, आधी टाकीच. ५०० लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन, आणि ती अर्धी भरलेली असेल तर अजून वाईट, त्याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे. ओलं जाळं छपरावर चढवू नका, सुकं जाळं आणि ओलं जाळं यांच्या वजनात किती फरक पडतो ते तुम्हाला मी काय सांगू.

आणि जाळं डेरिकने, म्हणजे वजन उचलायच्या दांड्याने, उचलता तेव्हा एक लक्षात असू द्या, कारण हे पटायला कठीण जातं. म्हावऱ्याने भरलेला बोळा, म्हणजे जाळ्याची मासळी भरलेली पिशवी, डेकवर पडलेला असतो तेव्हा त्याचं वजन डेकवर. पण तोच दोरावर टांगला की डेकपासून वीतभर वर असला तरी बोटीच्या दृष्टीने त्याचं सगळं वजन कप्पी जिथे आहे त्या उंचीवर जाऊन बसतं. लोंबकळणारी वस्तू बोटीबरोबर कलत नाही, ती सरळ खाली लोंबते म्हणजे कललेल्या बाजूला सरकते, म्हणून. एक टनाचा बोळा पाच मीटर उंचीच्या कप्पीला टांगला म्हणजे एक टन पाच मीटरवर. त्यात बोट आडव्या लाटेत असेल तर तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) आधी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लाटेकडे वळवावी आणि मग उचलावं, जुने तांडेल करतात तसंच.

मासेमारीसाठी बांधलेल्या बोटीवर मजले चढवून ती पर्यटकांना फिरवायला वापरायची, हे तर मला बघवत नाही. ७ मे २०२३ ला केरळात तानूरला उलटलेली बोट अशीच मासेमारीच्या बोटीची पर्यटक बोट केलेली होती, वर माणसंही जास्त भरलेली, २२ जण गेले, त्यात लहान मुलं बरीच.

प्रश्न : बोटीत थोडं पाणी आलं तर लगेच उपसायची घाई का करतात? पाणी तर तळाशीच असतं, उलट खाली वजन म्हणजे चांगलंच ना? (एक वाचक, पनवेल)

घरात परात आहे ना? ती अर्धी पाण्याने भरा आणि दोन्ही हातांनी उचलून स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत चालत जा. पाणी एकदा एका बाजूला गेलं की परात हातातून निघायला बघते, तुम्ही सावरायला जाता तर दुसऱ्या बाजूला जातं. आता तेच पाणी चार-पाच वाट्यांमध्ये ओतून वाट्या परातीत ठेवा आणि परत चाला. वजन तेवढंच, त्रास नाही.

बोटीच्या तळातलं पाणी परातीसारखं वागतं. बोट कलली की पाणी धावत कललेल्या बाजूला जातं, आणि मघाशी विद्यार्थ्याला सांगितलं ना की वजनाचा पॉइंट जागेवर राहतो म्हणून बोट वाचते, तर इथे तो जागेवर राहतच नाही. पाणी किती खोल आहे यापेक्षा त्याचा मोकळा पृष्ठभाग किती रुंद आहे हे महत्त्वाचं, घोट्याएवढं पाणी पूर्ण रुंदीत पसरलं तर ते वाईट. म्हणूनच टाकी पूर्ण भरलेली चालते, पूर्ण रिकामी चालते, अर्धी नको. मधे लांबीच्या दिशेने एक आडभिंत घातली तर हा परिणाम चौथ्या हिश्शावर येतो, दोन घातल्या तर नवव्या हिश्शावर. बर्फाचे आणि मासळीचे खण पाडतात त्यामागे मासळी वेगळी ठेवण्याची सोय असते हे खरं, पण खण नसते तर वितळलेलं बर्फाचं पाणी आणि सुटी मासळी दोन्ही परातीसारखी हिंदकळली असती.

६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगा बंदरातून निघालेली 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' नावाची भलीमोठी फेरी पुढचे दरवाजे उघडे राहिल्यामुळे गेली. गाड्या ठेवायचा डेक म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं मैदान, मधे भिंत नाही, त्यावर पाणी शिरलं आणि काही मिनिटांत, खरं तर त्याहूनही लवकर, फेरी आडवी झाली. १९३ माणसं गेली. तेव्हा घाई करणाऱ्याला करू द्या, एक डबा तुम्हीही घ्या.

प्रश्न : जुनी गलबतं तळाशी दगड भरायची म्हणतात. मग आपल्या बोटींत पण भरपूर दगड टाकले तर कधीच उलटणार नाहीत, नाही का? (एक वाचक, वसई)

नीरम म्हणायचे त्याला. माल नसताना गलबत वर तरंगायचं, म्हणून तळात दगड, वाळू भरायची. पण भरपूर म्हणजे किती? दगड टाकले की वजन खाली जातं हे खरं, पण त्याच वेळी सगळी बोट खोल बसते, काठ पाण्याच्या जवळ येतो, आणि काठ पाण्यात गेला की मघाचं सरकणाऱ्या आधाराचं गणित तिथे थांबतं, कारण कललेल्या बाजूला बुडायला आणखी आकारच उरत नाही.

स्वीडनच्या राजाचं 'वासा' जहाज याच कात्रीत सापडलं. ६४ तोफा, दोन मजल्यांवर, वर कोरीवकाम. निघण्याआधी ३० खलाशांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून बघितलं, तीन फेऱ्यांतच ते इतकं कलायला लागलं की चाचणी थांबवली. थांबवली फक्त चाचणी, जहाज नाही! १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोममधून निघालं, सव्वा किलोमीटरभर गेलं, वाऱ्याची झुळूक आली, कललं, तोफांच्या खालच्या खिडक्यांतून पाणी आत. तळात दगड होते, सुमारे १२० टन. अजून टाकले असते तर त्याच खिडक्या पाण्याला अजून टेकल्या असत्या. १९६१ साली वर काढलं, आता म्युझियममध्ये उभं आहे, स्टॉकहोमला राहणाऱ्या मराठी मंडळींनी पाहुण्यांना तिथे न्यावंच.

आणि दगड टाकलेच तर बांधा, वर फळ्या ठोका. सुटे दगड कललेल्या बाजूला घरंगळतात आणि परत येत नाहीत, पाणी निदान परत तरी येतं.

प्रश्न : पवनेला पहिल्यांदा कयाकमध्ये बसले, जीव मुठीत. शेजारच्या रुंद फायबर बोटीत मैत्रिणी आरामात. अरुंद बोट बनवतातच कशाला? (एक वाचक, पुणे)

वेगासाठी आणि वल्हवायला सोपी म्हणून. रुंदीचा परिणाम घनात वाढतो, बाकी सगळं तेच ठेवून रुंदी दुप्पट केली तर कलण्याला विरोध आठपट, म्हणून मैत्रिणी आरामात. पण रुंद सपाट बोट एका मर्यादेपर्यंत ठाम असते आणि मर्यादा गेली की फारशी सूचना न देता पालथी होते. कयाक सुरुवातीपासून कुरकुरते, पण तिच्या फुगीर बाजूंमुळे बरीच कलली तरी सावरते, कमरेतून सैल बसायला जमलं की कळेल. सिंधुदुर्ग-गोव्याकडे अरुंद होडीला एका बाजूने दांड्यांवर लाकडी उलांडी, म्हणजे तरंगणारा ओंडका, बांधतात ना, ती याच अडचणीवरची तोड आहे, होडी अरुंदची अरुंद आणि रुंदीचा फायदा फुकट.

प्रश्न : मी पाचवीत आहे. माझी कागदाची होडी पावसाच्या पाण्यात लगेच आडवी पडते. दादाची पडत नाही. (चिपळूण)

दादाने आत काहीतरी ठेवलं असणार, बघ गुपचूप. तू दोन एक-रुपयाची नाणी घे, होडीच्या मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक, अगदी तळाशी, आणि चिकटपट्टीने चिकटव म्हणजे घरंगळणार नाहीत. मग एकदा तीच नाणी वर टोकाला चिकटवून सोड. दोन्ही वेळी काय झालं ते मला लिहून पाठव, आणि नाणी गटारात गेली तर आईला माझं नाव सांगू नकोस.